पोळ्याच्या दिवशीची रीतभात



आज पोळ्याविषयी चार गोष्टी बोलाव्यात म्हणतो. तुम्ही म्हणाल, अहो, आमच्या वरूड-मोर्शीकडे पाळण्यातल्या लेकरालासुद्धा पोळा ठाऊक असतो, तो तुम्ही आम्हांला काय सांगता? खरे आहे. पोळा म्हणजे काय, हे सांगायला मी आलो नाही. त्या दिवशी आपण बैलाशी, गड्याशी, शेजाऱ्याशी आणि घरातल्या माणसांशी कसे वागतो, नि कसे वागायला हवे, एवढ्यापुरतेच माझे बोलणे आहे. कारण सण पंचांगात आपोआप येतो, पण रीत मात्र दर साली आपल्याला नव्याने पाळावी लागते.

आपला पोळा श्रावणी अमावास्येचा. पश्चिम महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी हाच सण आषाढात ‘बेंदूर’ म्हणून करतात. आपल्याकडे श्रावण सरेपर्यंत डवरणीची मोठी धांदल आटोपलेली असते. कपाशी, तूर कमरेला लागते, संत्र्याच्या झाडावर आंबिया बहाराचे फळ भरत असते. वखर, तिफण, डवरा ओढून बैलाचा खांदा सोलवटलेला असतो. त्या खांद्याची आठवण म्हणून पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण खांदमळणी करतो. ऊन पाण्याने खांदा शेकायचा, हळद आणि तूप किंवा तेल चोळायचे, आणि मग बैलाला आवतण द्यायचे: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

मला या आवतणाचे फार नवल वाटते. बैल आपल्याच कोठ्यातला, आपल्याच दाव्याला बांधलेला. तो उद्या दुसरीकडे कुठे जाणार आहे? तरी आपण त्याला ‘या’ म्हणतो, ‘ये’ म्हणत नाही. सालभर ज्याला आपण ‘हो’, ‘चल’, ‘थिर्र’ याच्या पलीकडे शब्द दिला नाही, त्याला त्या दिवशी आदराचा शब्द देतो. पोळ्याची पहिली रीत ही, की जो आपल्या हाताखाली राबतो त्याला बोलावणे द्यावे आणि मानाने द्यावे. आता मला सांगा, जे आवतण आपण बैलाला देतो, ते बैल हाकणाऱ्या गड्याला देतो का? “जेवाले इकडेच ये रे,” असे घाईत, पाठमोरे होऊन म्हटले म्हणजे ते आवतण होत नाही. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या कारभारणीला आणि लेकरांना सांगून या. चार पावलांचेच काम असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल धुवायला नदीवर न्यायचे. इथे एक रीत मी जरा कडक शब्दांत सांगणार आहे. श्रावण-भादव्यात चुडामण काय, वर्धा काय, वरती सातपुड्यात पाऊस झाला की पाहता पाहता फुगतात. बैल धुताना कोणी पोरगा बुडाल्याची बातमी दर पोळ्याला कुठून तरी येतेच. तेव्हा पूर असेल तर विहिरीवर, हौदावर धुवा. लहान पोरांच्या हाती बैल देऊन त्यांना डोहाकडे पाठवू नका. बैल थोडा कमी उजळला तर पोळा अडत नाही. घरातले लेकरू परत आले नाही, तर त्या घरचा पोळा कायमचा जातो.

बैल धुतला की सजवायचा. शिंगांना हिंगूळ, बेगड, गळ्यात घुंगुरमाळ, कवड्यांची माळ, नवी वेसण, नवा कासरा, पाठीवर झूल. हौसेला मोल नाही हे मला मान्य आहे. पण हौस उधारीची नको. आपल्याच अमरावती जिल्ह्यात, शेंडगावी, १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनांतून हेच सांगत हिंडले, की कर्ज काढून सण करू नका. पिकाचा पैसा अजून शेतात उभा आहे, सावकाराचा नाहीतर बँकेचा हप्ता डोक्यावर आहे, आणि आपण शेजाऱ्याच्या झुलीकडे पाहून नवी झूल आणतो. बैलाला त्यातले काही कळत नाही. त्याला गेल्या सालची धुतलेली झूल चालते. त्याला एवढेच कळते, की आज मानेवर जू नाही आणि पाठीवर तुतारी नाही.

होय, तीही रीत आहे. पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपायचे नाही, मारायचे नाही, आणि त्याला शिवीही द्यायची नाही. बैलाला त्या दिवशी शिवी देत नाहीत, पण गड्याला मात्र “अबे, झूल नीट बांध ना!” म्हणून चारचौघांत फटकारतात, असेही मी पाहिले आहे. मंडळी, हे शोभत नाही.

दुपार कलली की आखरावर पोळा भरतो. आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले, डफडे वाजते आहे, जोड्या ओळीने उभ्या आहेत. एकीकडून झडत्या झडताहेत, दुसरीकडून त्यांना उत्तरे येताहेत. झडतीत टोमणा असतो, थट्टा असते, मालकाला, सरकाराला, प्रसंगी देवालाही चिमटा असतो, आणि ते सगळे हसून घ्यायचे असते. झडती ही गरिबाची जीभ आहे. सालभर जो बोलत नाही तो त्या दिवशी बोलतो. म्हणून ज्याच्यावर झडती पडली त्याने रागवायचे नाही, ही ऐकणाऱ्याची रीत. आणि झडती म्हणणाऱ्याने कोणाच्या जातीवर, कोणाच्या लेकीसुनेवर, कोणाच्या व्यंगावर जायचे नाही, ही म्हणणाऱ्याची रीत. या दोन्ही पाळल्या तर झडतीसारखी मौज नाही. एकही मोडली, तर डफडे थांबते आणि काठ्या निघतात.

काठ्या निघण्याचे दुसरे कारण तुम्हांला ठाऊकच आहे: मान. तोरणाखालून पहिली जोडी कोणाची? पूर्वी तो मान पाटलाचा नाहीतर गावातल्या मोठ्या जमीनदाराचा असे. त्याने तोरण तोडले की पोळा फुटे. आता पाटीलकी गेली, पण मानाची भूक काही गेली नाही. एका पावलाच्या पुढे-मागेपणासाठी भावाभावांत दहा-दहा सालांचे वैर धरलेले मी पाहिले आहे. मोठ्यांनी यावर एक सोपा तोडगा काढावा. पोळ्याच्या आठ दिवस आधी पारावर बसून क्रम ठरवावा, आणि दर साली तो फिरता ठेवावा. आणखी एक सांगतो, पटले तर घ्या. ज्या घरी त्या साली मृत्यू झाला, आग लागली, पीक बुडाले, त्या घरच्या जोडीला पहिला मान द्या. मान मागणाऱ्याला दिला तर भांडण वाढते. खचलेल्याला दिला तर गाव वाढते.

पोळा फुटला की जोड्या मारुतीच्या दर्शनाला जातात आणि मग घरोघर. दारात पाट मांडलेला, घरची लक्ष्मी बैलाच्या पायांवर पाणी घालते, कुंकू लावते, ओवाळते, पुरणाची पोळी चारते. बैलाच्या आधी घरात कोणी जेवायचे नाही. बैल जेवला की गड्याचे ताट, आणि मग घरचे. हा क्रम जुन्या लोकांनी फार शहाणपणाने लावलेला आहे. जो आधी राबतो तो आधी जेवतो, एवढाच त्याचा अर्थ.

मग बोजारा. बैल घेऊन दारी आलेल्याला आपण पैसे देतो तो बोजारा. बोजाऱ्याचीही रीत आहे. तो मजुरीत धरायचा नाही. मागची राहिलेली मजुरी ‘बोजारा घे’ म्हणून द्यायची नाही. तो फेकायचा नाही, हातात ठेवायचा. एकाला दहा आणि एकाला शंभर असे तोंड पाहून द्यायचे नाही. आणि घेणाऱ्याने तिथेच नोट उलटीसुलटी करून पाहायची नाही.

हे सांगताना मला चीन देशातल्या एका चालीची आठवण होते. तिकडे चांद्र वर्षाचा नवा दिवस हा कुटुंबाचा सगळ्यात मोठा सण. आदल्या रात्री दूरदूरची माणसे हजारो कोस प्रवास करून घरी येतात आणि सगळे कुटुंब एकत्र जेवते. शक्य तर जुने देणे आधी फेडून टाकतात. पहिल्या दिवशी वाईट शब्द बोलत नाहीत, लेकरांना रागावत नाहीत. घरात केरसुणीही फिरवत नाहीत, आलेले भाग्य लोटले जाईल म्हणून. वडील माणसे धाकट्यांना तांबड्या कागदाच्या पाकिटात पैसे देतात. ते पाकीट दोन्ही हातांनी घ्यायचे आणि देणाऱ्याच्या देखत उघडायचे नाही, असा त्यांचा दंडक आहे. पाहा, आपला बोजारा आणि त्यांचे पाकीट! भाषा वेगळी, देव वेगळे, पण देणाऱ्याने मिरवू नये आणि घेणाऱ्याने मोजू नये, हे दोन्हीकडच्या जुन्या माणसांना सारखेच सुचले. इतकेच काय, दक्षिण चीनमधल्या च्वांग लोकांत बैलांचाही सण आहे. त्यांच्या चौथ्या महिन्याच्या अष्टमीला ते बैलांना काम देत नाहीत, त्यांना न्हाऊ घालतात आणि रंगीत भात चारतात. जिथे जिथे माणूस बैलाच्या जिवावर जेवला, तिथे तिथे त्याला एक दिवस तरी लाज वाटली आणि त्याने बैलाला आधी जेवू घातले.

आता मी माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. पण ती सांगितल्यावाचून हे बोलणे पुरे होणार नाही.

आमचे गाव वरूडपासून दोन कोसांवर. माझे काका १९८२ साली गेले. काकू तेव्हा पस्तिशीची असेल. काका गेल्यावर शेत तिनेच पाहिले. पहाटे उठून बैलांना कुटार टाकणे, सरकी-ढेप भिजवणे, पाणी दाखवणे, सगळे तिच्या हातचे. ढवळ्या बैल तर तिची चाहूल लागली की मान वर करी. पण पोळ्याच्या दिवशी जोडी दारी आली की काकू सपरीच्या आत, दाराआड जाऊन उभी राही. ओवाळायला माझी आई, नाहीतर शेजारची सवाष्ण. कोणी काकूला ‘जा’ असे म्हणत नसे. म्हणायची गरजच नव्हती. ती आपणहून जाई, आणि आम्हां सगळ्यांना ते बरोबर वाटे.

१९८४ चा पोळा. मी अकरा वर्षांचा होतो. जोडी दारात आली, आईने पाय धुतले, कुंकू लावले, पोळी पुढे केली. ढवळ्याने नुसते हुंगले आणि तोंड फिरवले. असे बैल कधी कधी करतो, गर्दीने बुजतो, डफड्याने बुजतो. पण आमच्या गड्याने, तो म्हातारा माणूस होता, काकांच्या वेळेपासूनचा, कासरा तसाच धरून दाराकडे तोंड केले आणि म्हणाला, “बाई, सालभर तुमच्या हातची ढेप खाल्ली त्यानं. आज दुसऱ्याच्या हातचं कशाले खाईन तो? या तुमी बाहेर.”

सगळे गप्प झाले. माझी आजी ओट्यावर बसली होती. घरात तिचा शब्द शेवटचा. तिच्याकडे सगळ्यांनी पाहिले. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने आईला सांगितले, “दे वं तिच्या हाती ताट.” एवढेच. काकू आली. तिचे हात कापत होते. तिने ओवाळले, पोळी पुढे केली. ढवळ्याने ती खाल्ली की नाही, हे खरे सांगायचे तर मला आठवत नाही, कारण मी काकूकडे पाहत होतो. एवढे आठवते की आईने आपल्या हाताने तिच्या कपाळाला कुंकू टेकवले, आणि आजीने तोंड फिरवून डोळ्याला पदर लावला.

त्या साली गावात चार तोंडे बोलली. “त्यांच्या घरी रीत मोडली,” म्हणाली. दुसऱ्या साली तीन बोलली असतील. पुढे कोणी बोलेना. काकू नंतर दर पोळ्याला ओवाळीत असे. आमचे पीक कधी आले, कधी बुडाले, जसे सगळ्यांचे येते आणि बुडते तसेच. त्या ओवाळण्याने काही अपशकुन झाला नाही.

मंडळी, आपल्या वऱ्हाडात अशी किती घरे आहेत, हे मी तुम्हांला सांगायला नको. नापिकी आणि कर्ज यांनी घरचा कर्ता माणूस गेला, आणि मागे राहिलेली बाई आज नांगराच्या मागे आहे, बँकेच्या दारात आहे, बाजार समितीच्या रांगेत आहे. बैल तिचा, शेत तिचे, सातबारावर नाव तिचे, कर्जही तिचे. आणि ओवाळायचा दिवस आला की ती दाराआड. ही रीत नव्हे, हा विसर आहे. रीतीचा मूळ अर्थच असा, की जो राबतो त्याची आठवण ठेवावी. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांना वेगळे काढणाऱ्या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. ठराव चांगलाच आहे. पण कागदावरच्या ठरावाला दारात उभे राहून हाक मारता येत नाही. ती हाक घरातल्या सासूने, दिराने, जावेने मारली पाहिजे. ज्या घरी अशी बाई असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: येत्या पोळ्याला ताट तिच्या हाती द्या. फार बोलू नका, भाषण करू नका. आमच्या आजीसारखे एवढेच म्हणा, “दे वं तिच्या हाती ताट.”

आता कोणी म्हणेल, अहो, बैल राहिले आहेत कुठे? आमच्या गावात जोड्या कमी आणि ट्रॅक्टर जास्त. हेही खरे आहे. चारा महाग, गडी मिळत नाही, सालदाराची पद्धत बहुतेक संपली. काही जण ट्रॅक्टरलाच हार घालून पोळ्यात आणतात. आणू द्या, हसू नका. पण ट्रॅक्टरला आवतण देता येत नाही आणि त्याचा खांदा दुखत नाही. म्हणून ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याने पोळ्याच्या दिवशी ट्रॅक्टर चालवणाऱ्याला, फवारणी करणाऱ्याला, निंदणाऱ्या बायांना, संत्रा तोडणाऱ्या मजुरांना घरी बोलवावे, पाय धुवायला पाणी द्यावे, ताट वाढावे. गावात मोजक्याच जोड्या असतील तर त्या साऱ्या गावाच्या समजाव्यात, आणि प्रत्येक दारी त्यांना पोळी मिळावी.

ज्यांच्याकडे शेतही नाही, बैलही नाही, ती घरे मातीचे बैल करून पुजतात. त्या घरीही जा. मातीच्या बैलाला नमस्कार करून त्यांची पोळी खा. ‘तुमच्याकडे काय पोळा!’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका.

आता गुरुजी आणि बाई मंडळींना दोन शब्द. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे आणि नागपूरकडे तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी नाहीतर मातीचे बैल सजवून आणतात, घरोघर जातात, बोजारा मिळवतात. फार गोड सण आहे. पण आता त्यात मोठ्यांची हौस शिरली आहे. एकाचा चाकांचा, रोषणाईचा, हजारोंचा नंदी, आणि त्याच्या शेजारी एक पोर बोटाएवढा मातीचा बैल मुठीत झाकून उभे. बक्षीस मोठ्या नंदीला. ते पोर घरी जाऊन काय सांगत असेल, याचा विचार करा. तुम्ही एक करू शकता. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस शाळेतच सगळ्यांना चिकणमाती द्या आणि प्रत्येकाकडून आपापल्या हाताने बैल करून घ्या. बक्षीस द्यायचे तर हाताने केलेल्या बैलाला द्या. त्याच वेळी प्रत्येकाला एक काम सांगा: घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारून या, की तुमच्या लहानपणी बैलाच्या अंगावर काय काय साज असे, आणि त्यांच्या आठवणीतल्या बैलाचे नाव काय होते. मठाटी, मोरकी, वेसण, कासरा, झूल, घुंगुरमाळ, हे शब्द फळ्यावर लिहून घ्या. बैल कमी होताहेत, त्यांच्या मागोमाग हे शब्दही जातील. निदान वहीत तरी राहोत.

आणि शेवटची रीत. पोळ्याच्या सणात पत्त्यांचा डाव बसतो, बाटली येते, हे मी झाकून ठेवणार नाही. बोजाऱ्याचे पैसे घरी पोचण्याआधीच डावात जातात. ज्या माउलीने पहाटेपासून पुरण शिजवले ती रात्री जेवणाचे ताट झाकून वाट पाहत बसते. बैल दिवसभर मान मिळवून संध्याकाळी आपल्या पायांनी कोठ्यात परत येतो. आपणही आपल्या पायांनी, शुद्धीवर, घरी परत यावे, एवढी तरी त्याची बरोबरी आपल्याला साधली पाहिजे.

तर मंडळी, येत्या खांदमळणीला बैलाचा खांदा चोळताना एक क्षण थांबा आणि आठवून पाहा, सालभरात आपले ओझे आणखी कोणाकोणाच्या खांद्यावर होते? गडी, मजूर, घरची बाई, दाराआड उभी राहिलेली कोणी काकू, वहिनी, सून. त्या प्रत्येकाला जाऊन म्हणा, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” मग पाहा, तोरणाखालून पोळा कसा फुटतो ते.